गोजरबाईची फुली

बिब्बा फोडणाऱ्या बाईच्या वाटेला कोणी जात नाही, आणि गोडंबी पाहिजे झाली की तिच्या दारातून कोणी हलत नाही. माणसाची रीतच अशी, तिथं गोजरबाईनं तरी कोणाकोणावर रुसायचं?

चारठाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. निजामाचं राज्य होतं, पण ते जिंतूरच्या कचेरीपर्यंत. गावात राज्य आबासाहेबांचं. गावाच्या शेवटाला, जिथून डोंगराची वाट लागते, तिथं गोजरबाईचं एकखणी घर. नवरा रामकिशन पटकीच्या साथीत गेला. लेकरू झालं नाही. उतारावरचा जमिनीचा तुकडा दिरानं वाट्यानं केला आणि वाटा द्यायला तो दरसाल विसरायचा. शेवटी गोजरबाईनं माहेरचा धंदा काढला. पौषात डोंगरातून बिब्बे गोळा करायचे, उन्हात वाळवायचे आणि दगडावर धरून एकेक फोडायचा. वरच्या टरफलात जाळणारं तेल, आत पांढरी गोड गोडंबी. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तिच्यावाचून होत नाहीत.

बिब्ब्याचं तेल ही साधी गोष्ट नव्हे, बरं का. कातडीला लागलं की पहिल्यांदा काहीच होत नाही. माणूस म्हणतो, हात्तिच्या, यालाच एवढं भ्यायचं होय! दुसऱ्या दिवशी मग कातडी लाल होते, खाजते, फोड धरते, पाणी सुटतं, आणि शेवटी काळा डाग राहतो तो राहतोच. याला बिब्बा उतणं म्हणतात. काही माणसं इतकी नाजूक अंगाची, की झाडाखालून गेली तरी तोंड सुजून डोळे मिटतात. आणि शिंतोडा तोंडात गेला तर विचारूच नका. ओठ फुगतात, जीभ सोलते, गालाच्या आतली कातडी सुटून हाताला येते, पाण्याचा घोट गिळता येत नाही.

म्हणून गोजरबाईच्या आईनं तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. हाताला तिळाचं तेल आणि राख चोळायची, आणि फोडताना तोंड उघडायचं नाही. गालात सुक्या खोबऱ्याचा तुकडा धरायचा आणि हळूहळू चघळत बसायचं. खोबरं बिब्ब्याला मारतं. गोजरबाई आयुष्यभर तशीच बसली. कोणी वाटेनं जाता जाता विचारलं, काय करायलीस गं गोजरे, तर ती मान हलवायची, बोलायची नाही. ओठ मिटलेले आणि जबडा मात्र हलतोय. गालांवर, कपाळावर उडालेल्या तेलाचे काळे ठिपके, बोटं मनगटापर्यंत काळी. बायका म्हणायच्या, ही पुटपुटते. काय पुटपुटते ते देवाला ठाऊक!

तिच्या अंगावर एकच गोष्ट देखणी होती, ती म्हणजे दात. पन्नाशीला आली तरी एक दात हलला नव्हता. पांढरेशुभ्र, एका ओळीत. भाजलेले हरभरे ती अजून पोरीसारखी फोडायची. हसली की काळ्या चेहऱ्यात दातच दिसायचे आणि तिला स्वतःला त्याचा भारी अभिमान. आरसा काही घरात नव्हता, पण हंड्यातल्या पाण्यात वाकून ती दात बघायची. एकट्या बाईला एवढी चैन असावी.

तर त्या वर्षी, म्हणजे ती दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि घासलेट मिळेनासं झालं त्या वर्षी, माघ महिन्यात आबासाहेबांच्या सुनेच्या अंगावर फुली उठली.

सून कडूबाई, पोखर्णीकडची. आईची आधीची लेकरं जगली नव्हती म्हणून हिला कडू नाव ठेवलेलं. वय विशीचं, अंगानं बारीक, बोलायला कमी. आबासाहेबांचा एकुलता लेक चंद्रभान, त्याची ही बायको. एके सकाळी तिच्या दंडावर काळी फुली दिसली, बोटभर लांबीच्या दोन रेघा, एकीवर एक आडवी. भोवती कातडी लाल. सासू नर्मदाबाईनं पाण्यानं चोळली, राखेनं चोळली. निघेना. चार दिवसांनी दुसरी मानेवर. मग तिसरी पोटरीवर. मग जात्याच्या पाळीवर फुली, पिठाच्या डब्यावर फुली, घडी घातलेल्या लुगड्यात फुली. आणि एका तिन्हीसांजेला, घरात दिवा लावता लावता, कडूबाई जमिनीवर हात टेकून कुत्र्यासारखी भुंकायला लागली.

गाव हादरलं. तिचं भुंकणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, आणि ते ऐकून गावातली खरी कुत्री मात्र गप्प व्हायची. हे सगळ्यांत वाईट होतं. पाणवठ्यावर बायका मोठ्यानं बोलेनाशा झाल्या. चोळी घालताना जी ती आधी आपलं अंग तपासायची. पाठीमागच्या आळीत एका बाईच्या हनुवटीला पुळी आली तर तिच्या नवऱ्यानं तिला माहेरी धाडलं. एक शब्द सगळ्यांच्या तोंडात होता आणि कोणी उच्चारत नव्हतं. शेवटी नर्मदाबाईच उच्चारती झाली. भानामती.

आता भानामती म्हटलं की मराठवाड्यात पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. कोणीतरी ती केलेली असते. करणारी सापडली की तिचे दात पाडायचे. दात गेले की मंत्राचे बोल नीट उमटत नाहीत, आणि बोल उमटले नाहीत की मंत्र लागत नाही. झालं, गाव मोकळं. सरकारचा कायदा हे मानत नसेलही, पण पोलिसांचे अमीनसाहेब जिंतूरला आणि दात गावात. तिथं कोण विचारतं?

आबासाहेबांनी बैलगाडी धाडून ताडकळसच्या बाजूचा, करणी ओळखणारा एक जाणता आणवला. बन्सीधर त्याचं नाव. किडकिडीत माणूस, सारखा घसा खाकरायचा, बोलायला मात्र गोड. त्यानं सांगितलं, सुनेचे दोन्ही हात पाठीशी बांधा, तिला ओसरीवर उजेडात बसवा, चोळीच्या बाह्या दंडाच्या वर सारा. गावातल्या सगळ्या बायांना अंगणात बोलवा. सुनेनं स्वतः काढली असेल तर आता उठणार नाही. उठली तर दुसऱ्याची करणी, आणि ती करणारी इथंच बसलेली असणार.

गोजरबाई सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून बसली. तिच्या शेजारची जागा नेहमीसारखी रिकामी. सकाळचं ऊन ओसरीवर आलेलं. कडूबाईचा डावा हात सगळ्यांना नीट दिसत होता. त्यावर जुनी एकही फुली नव्हती. दोन म्हाताऱ्या तिच्या दोन्ही अंगांना बसून पापणी न हलवता बघत होत्या. बन्सीधर काहीबाही म्हणत होता. ऊन चढलं. कोणीतरी पेंगलं. आणि एक म्हातारी एकदम मागं सरकली.

कोपराच्या वर कातडी लाल व्हायला लागली होती. आधी नुसती झाक. मग एक रेघ. मग तिला आडवी दुसरी. कोणाचं बोट तिथं नव्हतं, हात मागं बांधलेले होते, आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत रेघा फुगत फुगत वर येत होत्या. दुपार होईस्तोवर बारीक फोडांची एक अख्खी फुली तिथं बसलेली होती. बायांनी पदर तोंडात कोंबले. चंद्रभान, तालमीत घुमणारा गडी, ओसरीवरून उठून गोठ्यात जाऊन बसला.

गोजरबाईनं मात्र मान पुढं काढून नीट निरखलं. ती फुली कशी उठली हे त्या अंगणात तिला एकटीला कळलं होतं. बिब्बा लावल्या लावल्या गप्प राहतो आणि दुसऱ्या दिवशी बोलतो. कालच्या दुपारी कोणीतरी तिथं काडीनं बारीक तेल लावून पुसून घेतलं होतं, आज ते उतलं. आणि तिला दुसरंही दिसलं. फुलीच्या खाली, कातडीत, हिरवटपिवळे लांब पट्टे होते. जुने वळ, आसुडाचे. बैलाच्या पाठीवर पडतात तसे. तिला आठवलं, दिवाळीनंतर कडूबाई पदर ओढून तिच्या दारात आली होती. मनगट मुरगळलंय, चटका द्यायला दोन बिब्बे द्या म्हणाली होती. गोजरबाईनं दोन काय, मूठभर दिले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग बोलायचं की तिथल्या तिथं! ती उठणारही होती. तेवढ्यात बन्सीधर म्हणाला, पाठ बघा. नर्मदाबाईनं सुनेची चोळी मागून वर केली आणि अंगणातून एक हुंकार गेला. दोन खांद्यांच्या मधोमध, कोणाचाच स्वतःचा हात पोचत नाही अशा जागी, एक फुली होती. बाकीच्यांच्या दुप्पट मोठी. काळीकुळकुळीत, रेघा ताठ, टोकं कापल्यासारखी सरळ. कडूबाईनं मान वळवून विचारलं, काय हाय तिथं? नर्मदाबाईनं चोळी खाली ओढली.

मग जे व्हायचं ते झालं. बन्सीधरनं डोळे मिटून सांगितलं की हात काळा आहे, बाई एकटी आहे, आणि तिचं तोंड चालतं पण आवाज येत नाही. एवढं सांगितल्यावर राहिलं काय? सगळी डोकी भिंतीकडं वळली. नर्मदाबाई म्हणाली, हिला पुटपुटताना आपण सगळ्यांनी बघितलं आहे, जन्मभर बघितलं आहे. गोजरबाई सांगायला लागली की ते खोबरं आहे गं बायांनो, तोंडात खोबरं असतं, तर तिला कोणी पुरतं बोलूच दिलं नाही.

रीत अशी की करणारीला आधी एक संधी द्यायची. जिनं केलं तिनंच उतरवायचं. म्हणून दुपारच्या पारी दोघींना दाण्याच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. उन्हं कलायच्या आत उतरवलं तर बरं, नाहीतर लोहाराला सांगावा धाडलेला होताच. आत भिंतीला लावलेल्या कणग्या, वर एक हातभर झरोका, आणि ज्वारीचा कोंदट वास. गोजरबाईच्या हाती तिळाच्या तेलाची वाटी होती, ती तिनंच मागून घेतली होती.

कडी पडल्यावर ती पहिल्यांदा संतापली. हलक्या आवाजात तिनं पोरीला अशा शिव्या घातल्या की इथं सांगता यायच्या नाहीत. माझ्याच दारातून बिब्बे नेलेस आणि माझ्याच गळ्यात फास टाकलास, सटवे! कडूबाई ऐकत राहिली. तिचं तोंड आतून सोललेलं होतं, खालचा ओठ सुजून लोंबत होता. कधीतरी काडी दातात धरली असणार वेडीनं. भुंकणं सोडून साधं बोलायलाही तिला त्रास होत होता.

गोजरबाईचा राग मग तेलासारखाच पाझरून गेला. ती पोरीच्या दंडाला तेल लावायला बसली. हात फिरवताना बोटांना कळत होतं, फुली वर होती आणि वळ खाली. एकही फुली साध्या कातडीवर नव्हती.

"पयली चुकून झाली, काकू," कडूबाई म्हणाली. "ठणकत होतं म्हणून एकावर एक आडव्या पडलेल्या दोन वळांवर बिब्बा लावला. तो उतला. ह्यांनी बघितलं अन् दोन पावलं मागं सरले. त्या दिसापासून आंगावर हात पडला न्हाई. एक फुली वाळाया लागली की मी दुसरी काढते."

गोजरबाईनं वाटीत बोट बुडवलं. खोलीत उंदीर खुडबुडला. मग तिनं जे विचारायचं ते विचारलं. पाठीवरची कशी काढलीस?

कडूबाईनं तिच्याकडं बघितलं. तिनं गोजरबाईचं मनगट धरलं.

"ती म्या न्हाई काढली," ती म्हणाली.

गोजरबाईनं तिला उजेडाकडं वळवलं आणि पाठ बघितली. तिनं आयुष्यभर बिब्ब्याचे डाग बघितले होते. बिब्बा सुजवतो, फोड आणतो, कडा पसरवतो. इथं सूज नव्हती, फोड नव्हते, दुखतही नव्हतं. तिनं तेलाचं बोट रेघेवरून फिरवलं. कातडी थंडगार होती, ऐन दुपारी, त्या कोंडलेल्या खोलीत. तिनं बोट काढून घेतलं आणि लुगड्याला पुसलं, पुन्हा पुसलं. इतका वेळ तिला माणसांची भीती वाटत होती. आता कणग्यांच्या मागं बघायची तिची छाती होईना.

पण भीती कितीही असली तरी हिशोब करावाच लागतो. बाहेर जाऊन खरं सांगितलं तर दात वाचतील. आणि कडूबाई? गावासमोर घराची अब्रू घालवणारी सून आबासाहेबांच्या घरात किती दिवस राहील? संध्याकाळी पाण्याला जाईल आणि विहिरीत तिचा पाय घसरेल. या भागात सुनांचे पाय फार घसरतात. आणि सांगितलं नाही तर गोजरबाईचे दात. तिला भाकरीचा करकरीत पापुद्रा आठवला, हरभरे आठवले, हंड्यातलं पाणी आठवलं. तिला रडू आलं, ती खरंच हुंदके देऊन रडली. कोणासाठी दात द्यायचे? या पोरीशी नातं ना गोतं. पोर तिच्या पायाशी पडली होती आणि विनवतही नव्हती, नुसती पडून होती.

रडता रडता गोजरबाई एकदम थांबली. तिला एक गोष्ट सुचली होती. दात का पाडतात? बोलता येऊ नये म्हणून. पण पाडायच्या आधी तर बोलता येतं!

कडी निघाली तेव्हा ती ताठ बाहेर आली. अंगणात माणसं वाढली होती. लोहार सांडशी घेऊन उभा होता, खाली मान घालून. तोही बिचारा हुकमाचा ताबेदार. आबासाहेब बाजेवर बसलेले, चंद्रभान त्यांच्या मागं. बन्सीधरनं विचारलं, उतरवलंस का? गोजरबाई ओसरीच्या पायरीवर चढली, पदर खोचला आणि ज्या तोंडातून जन्मात मोठा शब्द निघाला नव्हता त्या तोंडानं सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी बोलली.

"फुल्या म्या उठवल्या. कबूल हाय. ह्या कडूबाईच्या आंगावर जिथं जिथं हात पडला तिथं तिथं उठवल्या. आता हितून फुडं हिच्यावर जो हात उचलंल, फुली त्याच्याच आंगावर उठंल. नवरा असू द्या, सासरा असू द्या, सासू असू द्या. हे मी दात असताना बोललेय. बोललेलं माघारी येत न्हाई. आता पाडा."

बोलताना तिचा आवाज तिचाच नव्हता, असं पुढं कितीतरी वर्षं लोक सांगत. खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटलं होतं. शब्द तिनं जुळवले होते, पण ते बाहेर पडताना मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटत होतं. तिच्या मागं खोलीच्या दारात उभी असलेली कडूबाई त्या दिवसापासून पुन्हा कधी भुंकली नाही.

बन्सीधर जाणता होता, त्याला पेच कळला. तो आबासाहेबांच्या कानाशी लागला, मालक, आता दात पाडू नका, दात गेले तर शब्द माघारी कोण घेईल? आधी तिच्याकडून परत घेववा. आबासाहेब घुटमळले. लोहारानं सांडशी खाली केली. गोजरबाईच्या मनात एक क्षण आलं, वाचले की काय?

तेव्हा नर्मदाबाई पुढं झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "पाडा. आत्ताच्या आत्ता पाडा. आणिक काही बोलायच्या आत तोंड बंद करा तिचं." आणि तिनं स्वतः गोजरबाईचं डोकं मागून धरलं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. लोहार हलक्या हाताचा होता, एवढंच. गोजरबाई ओरडली नाही, कारण तोंड उघडून धरलेलं होतं. रक्त बरंच गेलं. महिनाभर तिला ताकाशिवाय काही उतरलं नाही. हिरड्यांना घाव झाले, ते चिघळले, मग भरत आले आणि गाल आत गेले. पन्नाशीची बाई एका हंगामात ऐंशीची दिसायला लागली.

पण तिचा शब्द उभा राहिला. कडूबाईच्या अंगावरच्या फुल्या वाळल्या, नवी एक उठली नाही. आषाढात एकदा दूध उतू गेलं म्हणून चंद्रभाननं हात उचलला आणि तसाच हवेत धरून तो बायकोकडं बघत राहिला, मग हळूच खाली घेतला. दुसऱ्या सकाळी त्याच्या उजव्या तळहातावर फुली होती. लहानशी, काळी, सूज नाही, फोड नाही. तो चार गावच्या देवांना जाऊन आला. गोजरबाईच्या कानावर हे आलं तेव्हा ती उंबऱ्यातच खाली बसली. दात गेल्यापासून तिनं बिब्ब्याला हात लावला नव्हता. कडूबाईनं कोणाच्या तरी हाती निरोप धाडला, काकू, तुमचे उपकार. म्हणजे तिनंही काढली नव्हती. मग कोणी काढली? पाठीवरची कोणी काढली होती? गोजरबाईला हे मरेस्तोवर कळलं नाही, आणि त्या दिवसापासून एकटी असताना ती मागं वळून बघायला भ्यायची.

यानंतर बायका यायला लागल्या. दिवसाढवळ्या, गोडंबीचं निमित्त करून. गोजरबाई आता बिब्बे फोडत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पदराखाली वाटी घेऊन यायच्या. बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि उठता उठता कोणी दंड दाखवायची, कोणी मांडी, कोणी डोक्यातली खोक. आमच्याही घरी एक शब्द टाका की. ज्या बायांनी त्या दिवशी पदर तोंडात कोंबले होते त्याच या बाया. गोजरबाईला त्यांचा राग यायचा आणि रागापेक्षा जास्त स्वतःचाच यायचा. त्या दिवशी पायरीवर उभी असताना सगळं गाव समोर होतं, दात तोंडात होते, आणि तिनं नाव घेतलं ते एकट्या कडूबाईचं. गावातल्या बाया, एवढे दोन शब्द म्हटले असते तर काय बिघडलं असतं? सुचलं नाही. दात जाण्याच्या भीतीनं पुढचं सुचलंच नाही. ती बायांना सांगायची, आता माझा शब्द लागत नाही गं. बाया खालमानेनं निघून जायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात, सगळं गाव दाराआड झोपलेलं अशा एका दुपारी, नर्मदाबाई आली. आबासाहेबांची बायको, गावाची मालकीण, या दारात उभ्या जन्मात आली नव्हती. हातात वाटी नव्हती. गोजरबाई उठून उभी राहिली, तिला वाटलं आता हिला आणखी काय न्यायचं राहिलंय? नर्मदाबाईनं दार लोटलं. जमिनीवर बसली. मग गोजरबाईकडं पाठ केली, पदर खाली टाकला आणि चोळीची गाठ सोडली.

साठीची पाठ होती. तिच्यावर वळांवर वळ होते. जुने पांढरे पडलेले, त्यांच्यावर काळे, त्यांच्यावर तांबडे, अजून ओले. आबासाहेबांचा हात वयानं थकला नव्हता.

"सुनेचा वाटा बी आता मलाच येतो," नर्मदाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "एक शब्द माज्यासाठी बी टाक, गोजरबाई."

गोजरबाईनं कोपऱ्यातली तिळाच्या तेलाची वाटी घेतली. ती तिच्या पाठीशी बसली आणि थोडा वेळ नुसतं तेल लावत राहिली. मग तिला खांद्याला धरून आपल्याकडं वळवलं आणि तोंड उघडून दाखवलं. नर्मदाबाईला बघायचं नव्हतं, पण गोजरबाईनं खांदा सोडला नाही.

"दात असते तर टाकला असता, बाई," ती म्हणाली, आणि दात नसल्यामुळं ते तिला दोनदा म्हणावं लागलं.